खाऱ्या पाण्याच्या टाकीला पाणी कुठलं वापरायचं? कोळंबी मरूलालेत, मासे मात्र ठणठणीत

वडगावचा_निमो

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, वडगावात राहतो. खाऱ्या पाण्याची टाकी लावून सात महिने झाले, १८० लिटरची हाय, खाली संप (गाळणीची वेगळी टाकी), स्किमर (फेसातनं घाण काढणारं यंत्र), क्लाऊनफिशची जोडी, एक डॅमसेल, थोडे झोआ आणि दोन मशरूम (दोन्ही प्रवाळासारखे जीव). मासे एकदम मस्त, क्लाऊन तर मला बघितलं की काचेजवळ येऊन हेलकावे खात राहतात. पण कोळंबी टिकेना. पहिली क्लीनर श्रिंप १२ दिवसात गेली, मला वाटलं सोडताना घाई झाली असेल, म्हणून दुसरी आणली तेव्हा दोन तास थेंब थेंब पाणी सोडून मग टाकीत सोडली, ती कात टाकताना अर्ध्यातच अडकली आणि मेली. टर्बो गोगलगायी सहा होत्या त्यातली आता एक राहिल्या, ती पण रोज सकाळी वाळूवर उलटी पडलेली असत्या, मी सरळ करून ठेवतोय. वर काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर, पुसला की तीन दिवसात परत.

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० च्या आसपास, सॅलिनिटी ३५ रिफ्रॅक्टोमीटरवर, टेंपरेचर २६.

आता पाण्याचं. दर रविवारी २० लिटर बदलतोय, त्याला आमच्या गल्लीच्या तोंडावर पिण्याच्या पाण्याचा प्लांट हाय तिथला जार, मीठ घोळून. रोज उडून जाणारं तीनेक लिटर पाणी मात्र घरातल्या आरओचं घालतोय. परवा टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेलं किती हाय ते दाखवणारं) घेतलं म्हणून सगळं मोजलं, नळाचं ९४, जारचं ३८, घरच्या आरओचं ६२. आरओ लावून पण ६२ कसं काय हे मला कळेना. प्लांटवाला म्हणतोय आमचं पाणी तान्ह्या बाळाला चालतंय, माशाला काय होतंय. दुकानात सांगितलं बॅटरीचं पाणी घाल. दोस्त म्हणतोय चल गाडी काढ, गोव्याहून समुद्राचंच पाणी आणू. आई म्हणत्या पावसाचं धरून ठेव. कुणाचं ऐकू? माझ्या हातनं दोन जीव गेलेत, तिसरी श्रिंप आणायचं धाडस होईना.

अनगोळ_आरओ_मिस्त्री

भावा, आरओ दुरुस्तीचंच काम करतोय आणि घरात टाकी पण हाय, म्हणून विचारतो. घरातल्या आरओचं झाकण काढून बघ आणि तीन गोष्टी सांग.

एक, मेंब्रेनच्या, म्हणजे आरओच्या मुख्य गाळणीच्या, पुढं छोटा स्क्रू किंवा नॉब असलेला टीडीएस ॲडजस्टर हाय काय. बहुतेक मशिनला असतोच. मेंब्रेननं गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळायचं एवढंच त्याचं काम, चव लागावी म्हणून. तुझं नळाचं ९४ हाय म्हणजे मेंब्रेन चांगलं असलं तर बाहेर ३ ते ५ यायला पाहिजे, ६२ येतंय म्हणजे एकतर ॲडजस्टर उघडा हाय नाहीतर मेंब्रेन फाटलंय.

दोन, शेवटी मिनरलचं, अल्कलाईनचं असं काही कार्ट्रिज हाय काय.

तीन, आणि हे नीट बघ, कुठं कॉपर असं लिहिलेलं कार्ट्रिज हाय काय. मासे जगून कोळंबी आणि गोगलगाय तेवढी मरत असली की माझ्या डोक्यात पहिलं तांबंच येतंय.

वडगावचा_निमो

आत्ताच उघडून बघितलं. ॲडजस्टर हाय. शेवटून दुसरं कार्ट्रिज तांबूस रंगाचं, त्याच्यावर ठळक अक्षरात कॉपर लिहिलंय. मागच्या दिवाळीत मशीन बदललं तेव्हा तेच बघून घेतलेलं, आजी आयुष्यभर तांब्याच्या कळशीतलं पाणी प्यायली म्हणून आईला ते आवडलेलं. पाय गळाले माझे हे वाचून. म्हणजे रोज मीच ओतत होतो?

टिळकवाडी_रसायन

केमिस्ट्री शिकवते, रीफ टँक (प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी) सहा वर्षं आहे. निमो, आधी शांत हो, अजून सिद्ध काही झालेलं नाही. कॉपरचं मरीन टेस्ट किट मागव आणि टाकीचं, घरच्या आरओचं, जारचं अशी तिन्ही पाणी वेगवेगळी तपास. सोडतानाचा धक्का, आयोडीन, दुकानातूनच अशक्त आलेली कोळंबी, अशी इतर कारणं पण असतात. पण सहा गोगलगायींमधल्या पाच गेल्या म्हटल्यावर मिस्त्रींचा अंदाज मला पण बरोबर वाटतो.

तान्ह्या बाळाला चालतं ते माशाला का चालू नये, हा प्रश्न चांगला आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक आय एस १०५००, त्यात तांब्याची योग्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. माणसाला तांबं थोडं लागतंच, लिव्हर ते सांभाळतं. आता खाऱ्या पाण्यातल्या माशांना पांढरे ठिपके आले की कॉपर सल्फेटचं औषध देतात, ते किती? लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. तेवढ्यात परजीवी मरतो, मासा तग धरतो, आणि कोळंबी, खेकडे, गोगलगायी, प्रवाळ मरतात, म्हणून ते औषध नेहमी वेगळ्या टाकीत द्यायचं असतं. म्हणजे माणसासाठी कायद्यानं चालणारं पाणी कोळंबीसाठी औषधाच्या डोसच्या सातपट असू शकतं. प्लांटवाला खोटं बोलत नाही, तो बाळाबद्दल बोलतोय, तुझ्या टाकीबद्दल नाही. नायट्रेटचं पण असंच, पिण्याच्या पाण्यात ४५ पर्यंत चालतं, आणि आपण टाकीत २० दिसलं की काळजी करतो.

दुसरी गोष्ट रोजच्या भरण्याची, आणि ही लोक विसरतात. टाकीतून उडतं ते फक्त पाणी. मीठ, तांबं, सिलिकेट, फॉस्फेट काही उडत नाही, मागे राहतं. तू रोज ३ लिटर ६२ टीडीएसचं घातलंस म्हणजे १८६ मिलिग्रॅम, महिन्याला साडेपाच ग्रॅम, सात महिन्यात ३९ ग्रॅमच्या आसपास. त्यातलं बरंचसं कॅल्शियम, सोडियम असेल, त्यानं काही बिघडत नाही, पण उरलेल्यात काय आहे ते पेन सांगत नाही. पेन फक्त विजेचा प्रवाह किती जातो ते मोजतं आणि त्यावरून आकडा दाखवतं. पेनवर ३ आलं तर ते तिन्ही साधं मीठ असू शकतात, नाहीतर त्यात तांबं असू शकतं, आकडा तोच. म्हणून रीफवाले शून्यच धरतात. शून्याची हौस म्हणून नाही, आत काय आहे ते कळत नाही म्हणून.

तुझा तपकिरी थर डायटमचा (एक सूक्ष्म शेवाळ) वाटतो, त्यांना सिलिकेट लागतं, ते पण पाण्यातूनच येत असणार. नळाचं पाणी तसंच उघडं ठेवून दिलं तर क्लोरीन उडेल, तांबं आणि सिलिकेट उडणार नाही, तो नाद करू नको.

निपाणी_खारं_पाणी

ताईंनी बरोबर सांगितलंय. मी जारबद्दल सांगतो कारण दोन वर्षं मी तेच केलंय.

तुम्हा बेळगावकरांचं नशीब चांगलं, राकसकोपचं घाटातलं मऊ पाणी येतंय तुम्हाला, तुमच्यातल्या काहींना हिडकलचं. आमच्याकडं काळी माती, ऊस, बोअर. माझ्या बोअरचा टीडीएस ९२०. आता गंमत नाही, हिशोब बघा, मेंब्रेन ९७ टक्के काढतंय असं धरलं तरी ९२० चं उरतंय २७, आणि निमोच्या ९४ चं उरतंय ३. मशीन तेच, मेंब्रेन तेच, पाणी वेगळं. त्यामुळं कोण म्हणाला माझ्या आरओला इतका येतोय की पहिलं विचारायचं आत किती होता. निमोच्या जारचं ३८ येतंय म्हणजे प्लांट बहुतेक जड पाण्याच्या बोअरवर हाय, नाहीतर ते पण मिनरल परत घालत असतील.

जारचा मोठा घोळ म्हणजे तो दर आठवड्याला एकसारखा नसतो. मी वहीत लिहून ठेवत होतो, एका महिन्यात २९, ३३, ११०, ४१ असं आलेलं. ११० आलं त्या दिवशी विचारलं तर कामावरचा पोरगा म्हणाला मेंब्रेन बदलायला आलंय. जार धुताना काय वापरतात, क्लोरीन किती उरलंय, कुणाला माहीत. सरकारचे नाणं टाकून २० लिटर देणारे ते शुद्ध कुडियुव नीरिन घटक गावोगावी हायत ना, ते आमच्या गावासाठी देवासारखे हायत, बायकांची पायपीट वाचली, मी स्वतः तेच पितो. पण ते पिण्यासाठीच केलेत. अडीअडचणीला त्यातलं पाणी घेऊन घरी डीआय रेझिनमधून (ते काय ते खाली सांगतो) काढलं तर चालतंय, मी उन्हाळ्यात लाईट नसताना केलंय, पण सरळ टाकीत नको.

शेवटी मी घरी आरओ आणि पुढं डीआय बसवलं. डीआय म्हणजे रेझिनचे बारीक दाणे, मेंब्रेनमधनं सुटलेलं जे काही उरतंय ते हे दाणे पकडतात आणि पेनवर शून्य येतंय. बोअरवाल्यांना एक सांगतो, माझं रेझिन महिन्याभरात संपूलालं होतं, डोकं खाजवून दमलो. नंतर कळलं बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळलेला असतोय, तो वायू मेंब्रेनमधनं आरपार जातोय, पेनला दिसत नाही आणि रेझिन खाऊन टाकतोय. आता आरओचं पाणी ड्रममध्ये घेऊन रात्रभर एअर स्टोन लावतो आणि दुसऱ्या दिवशी छोट्या पंपानं डीआयमधनं काढतो, रेझिन चारपट टिकतंय.

खानापूर_पाऊसवाला

आईंचं पावसाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही हो. आमच्या खानापूर भागात जुलैत आभाळ फाटल्यागत पडतोय. पण कौलावरचं, पत्र्यावरचं पाणी अजिबात नको, कौलावर शेवाळ, पाखरांची घाण, पत्र्याला जस्ताचा मुलामा, आणि जस्त पण कोळंबीला वाईटच. मी परड्यात चार खांबाला नवी प्लास्टिकची ताडपत्री बांधतो, पावसाळ्याचे पहिले पंधरा दिवस सोडून देतो, नंतर मोठा पाऊस लागला की पहिला अर्धा तास वाहून जाऊ देतो आणि मग ड्रम लावतो. टीडीएस ६-८ येतोय. ते पण डीआयमधनं काढूनच वापरतो. पण हे चार महिन्यांचं काम, वर्षभराचा भरवसा नाही.

एसीतनं गळणारं पाणी मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. पेनवर छान कमी दिसतंय, पण ते तांब्याच्या कॉइलवरनंच ठिबकून आलेलं असतंय.

बॅटरीचं पाणी मी वापरलंय. चांगल्या डीएम (क्षार काढून टाकणाऱ्या) प्लांटचं असलं तर टीडीएस ० ते २ येतोय, पाणी म्हणून वाईट नाही. भीती कॅनची हाय. त्याच दुकानात ॲसिड विकतात, कॅन परत परत भरतात, आधी त्यात काय होतं देव जाणे. सीलबंद नवा कॅन असला, वास घेऊन, पीएच बघून, टीडीएस बघून घेतला तर अडल्यावेळी चालेल. आणि १८० लिटरला दर आठवड्याला ते विकत घेणं खिशाला परवडत नाही.

गोव्याचं समुद्राचं पाणी, मी दोन वेळा चोर्ला घाटातनं आणलंय. जानेवारी-फेब्रुवारीत, नदीच्या मुखापासनं आणि बंदरापासनं लांब, भरतीला घेतलं तर चांगलं मिळतंय. पावसाळ्यात मांडवी-झुवारीचं गोडं पाणी समुद्रात उतरतंय, किनाऱ्याला सॅलिनिटी पार खाली जाते, वर गाळ. आणि एक लक्षात घ्या, समुद्राचं पाणी आणलं तरी रोजच्या उडणाऱ्या तीन लिटरला गोडं शुद्ध पाणी लागणारच हाय, तो प्रश्न गोवा सोडवत नाही. जाताय तर किनाऱ्यावरचा जिवंत प्रवाळ किंवा प्रवाळ लागलेला दगड उचलून आणू नका एवढं मात्र हात जोडून सांगतो. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा हाय, आणि तो तिथंच राहू दे.

वडगावचा_निमो

सगळ्यांचे खूप आभार. घरच्या आरओचं पाणी टाकीत घालायचं कालपासनं बंद. किट मागवलंय. तोवर रोजचं काय घालू? आणि नवीन वेगळा आरओ-डीआय घ्यायचा की हाय त्यालाच काही करता येईल? पगार बघता लगेच नवीन जमणार नाही.

अनगोळ_आरओ_मिस्त्री

तोवर सीलबंद डीएम पाणी घाल, खानापूरच्या अण्णांनी सांगितलंय तसं तपासून. तीन-तीन लिटरच हाय, आठवडाभर चालतंय.

नवीन घ्यायची गरज नाही. तुझ्या घरच्या मशीनमध्ये गाळणी हाय, कार्बन हाय, बूस्टर पंप हाय, मेंब्रेन हाय, म्हणजे आरओ-डीआयचा तीन चतुर्थांश भाग घरात बसलेला हाय. फक्त पाणी कुठनं घ्यायचं ते बदलायचं. मेंब्रेनच्या शुद्ध पाण्याच्या तोंडाला, ॲडजस्टर, मिनरल, कॉपर, यूव्ही ह्या सगळ्याच्या आधी, एक प्लास्टिकची टी लाव. एक वाट घरच्या टाकीकडं, दुसरी वाट नव्या दहा इंची हाउसिंगकडं ज्यात मिक्स बेड डीआय रेझिन भरायचं. दोन्ही वाटांना प्लास्टिकचे कॉक. रीफचं पाणी काढताना घरची वाट बंद, डीआयची उघडी, झालं की उलटं. आईला सांग त्यांचं प्यायचं पाणी आहे तसंच येणार, कॉपरसकट, त्याला हात लावायचा नाही. आणि डीआयचं पाणी कुणी प्यायला घेऊ नका, नळीला लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेव.

रेझिन भरताना थोडं थोडं घालून ठोकत ठोकत गच्च भर. पोकळी राहिली तर पाणी कडेनं वाट काढतंय आणि रेझिनला न शिवता बाहेर येतंय. रंग बदलणारं घेतलंस तर संपत आलेलं डोळ्याला दिसतंय.

मशीन चालू केल्यावर पहिलं लिटर-दोन लिटर डीआयमध्ये सोडू नको. मशीन बंद असताना मेंब्रेनच्या दोन्ही बाजूचं पाणी हळूहळू सारखं होतंय, त्यामुळं चालू केल्या केल्या टीडीएस चढलेला असतोय, माझ्याकडं पहिल्या मिनिटाला ४० आणि पाच मिनिटांनी ४. ते चढलेलं पाणी रेझिनवर घातलंस तर रेझिन फुकट जातंय. म्हणून दररोज दोन लिटर काढण्यापेक्षा रविवारी एकदम ४० लिटर काढून ठेव. तुझं मेंब्रेन ८० जीपीडीचं (दिवसाला ८० गॅलन) असणार, म्हणजे तासाला साधारण १२ लिटर, साडेतीन तासाचं काम.

कार्बन वेळेवर बदल, विशेष करून पावसाळ्यात, नळाला ब्लीचिंगचा वास यायला लागला की समज. क्लोरीन कार्बनमधनं सुटून पुढं गेलं तर मेंब्रेन खराब होतंय, मग कितीही रेझिन घाल पुरत नाही. वाया जाणारं पाणी एका लिटरला तीन लिटरच्या आसपास, तुझ्या नळाचं मऊ असल्यानं ते भांडी, फरशी, झाडं सगळ्याला चालतंय, मोरीत सोडू नको, उन्हाळ्यात आपल्याकडं पाणी किती दिवसांनी येतंय तुला माहीत हाय.

साठवायला फूड ग्रेडचा नवा ड्रम. रंगाचा, औषधाचा, फवारणीचा जुना स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नको. आणि कुठंही पितळी कॉक नको, पितळेत तांबंच असतंय. एका गिऱ्हाइकाकडं सगळं बरोबर होतं, पेनवर शून्य, तरी गोगलगायी मरूलाल्या होत्या, ड्रमच्या तळाला पितळेचा नळ बसवलेला, शून्य टीडीएसचं पाणी आठ-आठ दिवस त्यात मुरत होतं.

टिळकवाडी_रसायन

मिस्त्री, पितळेचं फार महत्त्वाचं सांगितलंत. शुद्ध पाणी भुकेलं असतं, धातूला लागलं की ओढून घेतं.

एक भर. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिकेट सुटतं, आणि सिलिकेट पेनला जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे पेनवर शून्य असताना काचेवर तपकिरी परत यायला लागलं तर रेझिन बदलायची वेळ झाली असं धर, १ यायची वाट बघू नको.

आणि निमो, टाकीतलं तांबं एका दिवसात जाणार नाही. दगडात आणि वाळूत ते बसतं आणि हळूहळू सुटत राहतं. तांबं ओढणारं रेझिन मिळतं ते आणि चांगला ॲक्टिव्हेटेड कार्बन संपमध्ये ठेव, नव्या पाण्यानं दर आठवड्याला २० च्या जागी ३० लिटर बदल. घाईनं एका दिवसात अर्धी टाकी बदलू नको, झोआ आणि मशरूमना तो धक्का नको.

वडगावचा_निमो

तीन आठवड्यांनी लिहूलालोय, माफ करा.

किट आलं. जारच्या पाण्यात रंग आला नाही. घरच्या आरओच्या नळाला रंग स्पष्ट आला, टाकीत फिकट पण आला. बघून मन फार खराब झालं, त्या दुसऱ्या श्रिंपचं कात टाकताना अडकलेलं डोळ्यासमोरनं जाईना.

मिस्त्री स्वतः घरी येऊन टी बसवून गेले, चहाशिवाय काही घेतलं नाही. मेंब्रेनच्या तोंडाला ४, डीआयच्या पुढं ०. ड्रम नवा, कॉक प्लास्टिकचा. आईनं स्वतः लाल पट्टी गुंडाळली. तीन वेळा ३०-३० लिटर बदलून झालं, संपमध्ये रेझिन आणि कार्बन दोन्ही हाय. कालच्या टेस्टला टाकीत रंग दिसला नाही. तपकिरी थर अजून हाय पण पुसल्यावर आठवडाभर येत नाही आता. राहिलेली एक टर्बो चार दिवसांपासनं उलटी पडली नाही, काल रात्री मागच्या काचेवर पार वरपर्यंत चढलेली.

श्रिंप आणायला किती दिवस थांबू?

टिळकवाडी_रसायन

अजून सहा आठवडे, दर आठवड्याला टेस्ट करून. दगडातून परत सुटतंय का ते कळायला तेवढा वेळ लागेल.

निपाणी_खारं_पाणी

टर्बो काचेवर चढली वाचून बरं वाटलं. तिला वाळवलेली नोरी थोडी लाव काचेला, शेवाळ कमी झालं की उपाशी राहतात त्या.